बाबांची रेकॉर्ड देऊन ‘पहिली’ प्रत घ्यावी का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : नागपूरच्या धरमपेठेत राहणारे ३९ वर्षांचे एक वाचक लिहितात. त्यांच्या बाबांनी व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर असताना, १९७६ मध्ये, सीताबर्डीच्या बाजारातून पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही एलपी घेतली होती. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. माळ्यावरच्या पेटीत ती सापडली आणि तेव्हापासून या वाचकांना रेकॉर्डचा नाद लागला. रेकॉर्डवर ‘मेड इन इंडिया’ आहे, खरखर बरीच आहे, आणि कव्हरच्या आत बाबांनी निळ्या शाईनं नाव व खोलीचा नंबर लिहून ठेवलाय. आता मुंबईचे एक विक्रेते याच अल्बमची ‘१९७३ ची पहिली ब्रिटिश प्रेसिंग’, म्हणजे पहिल्या छपाईची प्रत, ५८ हजारांना देऊ करतायत. बाबांची प्रत बदल्यात दिली तर चार हजार कमी. ‘ती देशी कॉपी आहे, त्यातही वर लिहिलेली, तिला कोण विचारतो’ असं ते म्हणाले. फोटो आलेत ते कव्हरचे, पोस्टरचे आणि रेकॉर्डच्या मधल्या कागदी लेबलचे, तेही एकाच बाजूच्या. वाचक विचारतात : प्रत खरी आहे हे कसं ओळखू? बाबांना जे आवडलं ते मला खऱ्या रूपात ऐकायचंय. मुलीच्या ॲडमिशनसाठी पैसे बाजूला काढलेत, त्यातले थोडे वापरले तर चालतील का? आणि बायकोला पंधरा हजारच सांगू का?

नमस्कार.

त्या विक्रेत्यांना आज एवढंच कळवा, की बाबांची रेकॉर्ड द्यायची नाही. ५८ हजारांचं काय करायचं ते खाली बोलू, त्याला घाई नाही. पण चार हजारांच्या सवलतीपायी ती रेकॉर्ड एकदा पार्सलात गेली की गेली. तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की ‘देशी कॉपी’ हे शब्द तुम्ही फार लवकर मान्य केलेत.

कॉपी म्हटलं की नक्कल डोळ्यांपुढे येते. तुमच्याकडे आहे ती नक्कल नव्हे. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे आपली एचएमव्ही, तिच्या कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यातून अशा रेकॉर्ड निघायच्या. पिंक फ्लॉइडच्या रेकॉर्ड हार्वेस्ट या नावाखाली निघत, ते नाव ब्रिटनच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचं, आणि एचएमव्ही त्याच घराण्यातली. रेकॉर्ड कशी तयार होते ते थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टेपवरचा आवाज आधी लॅकरच्या मऊ तबकडीवर कोरतात. तिच्यावर धातूचा थर चढवून सोलला की उलटा ठसा मिळतो, त्याला या धंद्यात ‘फादर’ म्हणतात. फादरवरून ‘मदर’ काढतात आणि मदरवरून ‘स्टॅम्पर’. दोन स्टॅम्परच्या मध्ये गरम व्हिनाइलचा गोळा दाबला की रेकॉर्ड. भारतासारख्या ठिकाणी कित्येकदा लंडनहून हे धातूचे ठसेच येत आणि छपाई इथं होई. म्हणजे दमदमच्या रेकॉर्डवरची खाच लंडनमध्ये कोरलेल्या लॅकरचीच वंशज असू शकते. तुमच्या प्रतीचं तसं आहे का, हे तुम्ही घरबसल्या तपासू शकता.

दोष आहेत, तेही सांगते. इथल्या व्हिनाइलचा दर्जा सगळीकडे सारखा नव्हता, कव्हरचा पुठ्ठाही पुष्कळदा पातळ. पण खरखरीचं सगळं खापर दमदमवर फोडू नका. त्या काळच्या पेटीवजा प्लेअरची सुई पाच-सहा ग्रॅमच्या भारानं खाचेत बसायची, आजच्या बऱ्याच टर्नटेबलवर हा भार दीड ते दोन ग्रॅम असतो. हॉस्टेलच्या खोलीत ती रेकॉर्ड किती वेळा वाजली असेल याचा विचार करा. त्यावर पुन्हा माळ्यावरची चाळीस-पंचेचाळीस वर्षांची धूळ. आधी ती धुऊन पाहा : डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या साबणाचे एक-दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, खाचेच्या दिशेनं गोल. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं पुसून उभी वाळवायची. निम्मी खरखर पहिल्याच धुण्यात गेलेली मी अनेकदा पाहिलीय. (तुमच्या त्या पेटीत आजोबांच्या वेळच्या जड, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड असतील तर त्यांना स्पिरिट अजिबात लावू नका, त्या लाखेच्या असतात आणि विरघळतात.)

आता ओळखण्याचं.

फोटोत कव्हर, पोस्टर आणि एक लेबल आहे म्हणता. यातलं कव्हर आणि पोस्टर हे जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही. हा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्डच्या यादीत १९८८ पर्यंत एकूण ७४१ आठवडे राहिला. तेव्हा अल्बम दुर्मीळ नाही, त्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रती तेवढ्या दुर्मीळ. आत दोन पोस्टर आणि दोन स्टिकर येत, ते नंतरच्या छपाईतही येत राहिले. एका प्रतीचं कव्हर, दुसरीची पोस्टर, तिसरीची रेकॉर्ड असा संसार जुळवून पूर्ण प्रत म्हणून विकणं या बाजारात नवीन नाही.

लेबल जास्त बोलतं. ब्रिटनच्या पहिल्या प्रतींवर काळ्या लेबलावर भरीव निळा त्रिकोण असतो. थोड्याच काळात तो बदलून त्रिकोणाची नुसती कड उरली. कडेनं फिरणारा बारीक मजकूरही वाचायचा : सुरुवातीच्या प्रतींवर तो ‘द ग्रामोफोन कंपनी लिमिटेड’ या नावानं सुरू होतो, १९७३ च्या मध्यानंतर तिथं ‘ईएमआय रेकॉर्ड्स लिमिटेड’ आलं. कॅटलॉग नंबर ‘एस.एच.व्ही.एल. ८०४’. त्याच्या आधी ‘क्यू ४’ असेल तर ती चार स्पीकरांची क्वाड्रोफोनिक आवृत्ती, तिचं मिक्स वेगळं आहे. नंबर ‘एस.एम.ए.एस.’ नं सुरू झाला तर प्रत अमेरिकन. कव्हरवर बारकोड दिसला तर १९७३ चा प्रश्नच मिटला.

खरी साक्ष मात्र लेबलाच्या बाहेर असते. शेवटचं गाणं संपतं तिथपासून लेबलपर्यंत एक गुळगुळीत काळा पट्टा असतो, त्याला रन-आउट म्हणतात. तुमच्याच रेकॉर्डवर करून पाहा. कडा दोन्ही तळव्यांत धरा, बोटं खाचांना लागू देऊ नका. खोलीतला ट्यूबलाइट बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च रेकॉर्डच्या जवळजवळ पातळीत, आडवा धरा. वरून धरलेल्या उजेडात काही दिसत नाही, आडव्या उजेडात मात्र अक्षरं अचानक उठून येतात. घड्याळात सहा असतो तिथं मुख्य नंबर : कॅटलॉग नंबर, बाजू, आणि आडव्या रेघेनंतर एक आकडा. हा आकडा म्हणजे कितव्यांदा कोरलेलं लॅकर. नऊच्या जागी मदरचा क्रमांक. तीनच्या जागी एक-दोन इंग्रजी अक्षरं, तो स्टॅम्परचा क्रमांक, आणि तो ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या नावाच्या अक्षरांत लिहिलेला असतो : जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी ०. ‘आर ए’ दिसलं तर तेविसावा स्टॅम्पर. ब्रिटनच्या हेझ इथल्या ईएमआय कारखान्याची ही पद्धत. पहिल्यांदा मला हा उलगडा झाला त्या रात्री मी घरातली ईएमआयची प्रत्येक रेकॉर्ड काढून टॉर्चखाली धरली होती.

आता गंमत बघा. या अल्बमच्या सगळ्यात पहिल्या ब्रिटिश प्रतींवर ‘ए-२’ आणि ‘बी-२’ असतं. एक नव्हे, दोन. दुसऱ्यांदा कोरलेलं लॅकरच पहिल्यांदा बाजारात गेलं. कुणी ‘ए-१ आहे, म्हणून पहिली’ असं पटवायला लागला तर तिथंच थांबा. आणि नुसता मुख्य नंबर जुळला म्हणूनही भुलू नका. ठसे परदेशी जात असल्यामुळे तोच नंबर दुसऱ्या देशात छापलेल्या रेकॉर्डवरही असू शकतो. लेबल, कडेचा मजकूर आणि रन-आउटच्या तिन्ही जागा एकमेकांशी जुळल्या तर प्रत खरी मानायची.

म्हणून विक्रेत्यांकडे हे मागा : दोन्ही बाजूंच्या रन-आउटचे आडव्या उजेडातले फोटो, दोन्ही लेबलांचे फोटो, आणि दोन्ही बाजू सुरुवातीपासून वाजवल्याचा व्हिडिओ. हा अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो, इतक्या हळू की झिजलेल्या प्रतीत ठोक्यांआधी खरखरच ऐकू येते. पहिल्या बाजूच्या शेवटी गायिका क्लेअर टॉरीचा चढा आवाज आहे. रेकॉर्डच्या आतल्या खाचा आधी झिजतात, त्यामुळे तो आवाज फाटत असेल तर लेबल कितीही निळं असो, प्रत दमलेली आहे. स्थितीची श्रेणीही लेखी मागा. या बाजारात ‘गुड’ म्हणजे वाईट आणि ‘व्हेरी गुड’ म्हणजे जेमतेम, चांगली प्रत ‘व्हीजी प्लस’ किंवा ‘निअर मिंट’ पासून सुरू होते. डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या वेबसाइटवर त्या नेमक्या प्रेसिंगच्या आधी झालेल्या विक्रीच्या किमती बघता येतात. सगळ्या साहित्यासह, उत्तम स्थितीतली भरीव त्रिकोणाची प्रत शेकडो पौंडांना जाते, तेव्हा ५८ हजार हा आकडा अचाट नाही. पण तो त्या स्थितीच्या प्रतीचा आकडा आहे.

फोटो मागायचा संकोच करू नका, हे मी कळवळून सांगते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या एका दुकानात याच अल्बमची ‘पहिली’ प्रत मला दाखवली. प्लास्टिकमध्ये बंद, कव्हर सुंदर, दुकानदार ओळखीतला. ‘उघडून दाखवा’ म्हणायला मला अवघडल्यासारखं झालं. नागपूरला येऊन उघडली तेव्हा आत त्रिकोणाची नुसती कड असलेली, कितीतरी नंतरची रेकॉर्ड निघाली. फोन केला, तर ‘मी कव्हर पहिलं आहे म्हणालो होतो’ असं उत्तर आलं. पैसे परत मिळाले नाहीत. ज्याचा माल खरा आहे तो उघडून दाखवतो, मागाल ते फोटो पाठवतो. त्या एका विनंतीवर विक्रेते काय उत्तर देतात ते बघा, तुमचं निम्मं काम होईल.

पण प्रत खरी निघाली तरी ती तुम्हाला हवी आहे का? तुम्ही लिहिलंय, ‘बाबांना जे आवडलं ते मला खऱ्या रूपात ऐकायचंय.’ या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. बाबांना जे आवडलं ते त्यांनी हेझच्या रेकॉर्डवर ऐकलं नव्हतं. दमदमच्या, याच रेकॉर्डवर ऐकलं. या खरखरीचे काही कण त्यांच्याच सुईचे आहेत. एखाद्या ठिकाणी सुई अडकत असेल तर ती त्यांच्याही खोलीत तिथंच अडकत असेल, आणि कुणीतरी उठून बोटानं हलकेच पुढे ढकलत असेल. बाबांनी ऐकलेला आवाज हवा असेल तर तो तुमच्या घरात आहे.

अल्बम उत्तम ऐकायचा आहे, हे वेगळं कारण, आणि तेही चांगलं आहे. त्यासाठी पहिलीच प्रत लागते असं नाही. काही अल्बमांच्या बाबतीत लागते : लेड झेपेलिन या रॉक बँडच्या १९६९ च्या दुसऱ्या अल्बमचं अमेरिकेतलं पहिलं लॅकर इंजिनिअर रॉबर्ट लुडविग यांनी इतकं जोरकस कोरलं, की साध्या प्लेअरवर सुई उडायची. कंपनीनं मग ते सौम्य करून पुन्हा कोरून घेतलं. त्या अल्बमच्या रन-आउटमध्ये ‘आर एल’ ही अक्षरं शोधत लोक जन्म घालवतात, आणि ऐकल्यावर का ते कळतं. ‘डार्क साइड’ मध्ये पहिल्या आणि नंतरच्या ब्रिटिश प्रतींत फरक आहे, पण एवढा नाही. १९७० च्या दशकातलीच, कडेच्या त्रिकोणाची, स्वच्छ ब्रिटिश प्रत पहिलीच्या किमतीच्या लहानशा भागात मिळते. त्याहून सोपं म्हणजे २०१६ ची किंवा पन्नाशीनिमित्त २०२३ मध्ये आलेली नवी आवृत्ती. माझं मत विचाराल तर तुम्ही आता नवी आवृत्ती घ्यावी, आणि उरलेल्या पैशांतला थोडा चांगल्या सुईवर घालावा. तुमच्या टर्नटेबलबरोबर आलेली सुई बदलली तर बाबांची रेकॉर्डही वेगळी वाजेल. हा फरक तुम्हाला ५८ हजारांपेक्षा जास्त सुखावेल असं मला मनापासून वाटतं.

आणि तिसरं कारण, संग्रहाचं : ती वस्तू, तो भरीव निळा त्रिकोण आपल्याकडे असावा ही ओढ. या ओढीला मी कमी लेखत नाही, मलाही ती आहे. पण ती बाबांच्या नावावर टाकू नका. ती तुमची स्वतःची आहे आणि तशीच मान्य केलीत तर तिच्यासाठी वर्ष-दोन वर्षं थांबताही येईल. बाजारात या प्रती येत राहतात. मुलीची ॲडमिशन मात्र यंदाच आहे, त्या पैशांना हात लावू नका.

बायकोला पंधरा हजार सांगायचं नाही. पैशांचा हिशेब कधीतरी उघडा पडेलच, पण मला त्याहून दुसरी काळजी वाटते. बाबा गेल्यापासून तुम्ही ज्या पेटीभोवती फिरताय, तिच्याबद्दलचं पहिलं बोलणंच खोटं निघालं, तर ती पेटी तुम्हा दोघांच्या घरात कायमची अवघड वस्तू होऊन बसेल. त्यांना शेजारी बसवून धुतलेली रेकॉर्ड पहिल्यांदा लावा. मग ५८ हजारांचा विषय काढा, खरा आकडा सांगून. त्या नाही म्हणतील कदाचित. आधी सगळ्या पेटीतल्या रेकॉर्डची यादी करू, असंही म्हणतील.

नागपुरात राहणाऱ्या प्रत्येकासाठी थोडं सांभाळण्याचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो आणि गच्चीखालचा माळा त्याहून तापतो, तेव्हा रेकॉर्ड माळ्यावरून आधी उतरवा. आडव्या थप्पीत ठेवल्या तर वजनानं आणि उष्णतेनं वाकतात, पुस्तकांसारख्या उभ्या, घट्ट न कोंबता ठेवा, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर. कूलरच्या झोतासमोर तर नकोच : वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओल आपल्याला बरी वाटते, पुठ्ठ्याला बुरशी धरते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कव्हरं उघडून हवा दाखवा. जुन्या चिकट प्लास्टिकच्या पिशव्या फेकून पॉलिथिनच्या आतल्या पिशव्या आणा, ते जाड पीव्हीसी रेकॉर्डवर धुरकट डाग पाडतं. आणि एप्रिल ते जून बाहेरून रेकॉर्ड मागवू नका. कुरिअरच्या बंद गाडीत दुपारभर पडलेली रेकॉर्ड बशीसारखी होऊन आलेली मी हातात धरलीय. ऑक्टोबरनंतर मागवा, आणि रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून शेजारी ठेवून पाठवायला सांगा, नाहीतर हिंदकळून ती कव्हरची शिवण फाडते.

राहिली निळी शाई. विक्रेते म्हणाले ते बाजारापुरतं बरोबर आहे, लिहिलेल्या कव्हरची किंमत उतरते. तुम्ही ती विकणार नसाल तर ही उतरलेली किंमत तुम्हाला कुठंच भरावी लागत नाही. ती शाई पुसायचा, खोडायचा प्रयत्न करू नका, आणि कव्हर उघडून उन्हातही ठेवू नका, निळी शाई उन्हानं फिकी होते.

या रविवारी टॉर्च घेऊन बसा आणि दमदमच्या त्या रेकॉर्डवर सहाच्या जागी काय लिहिलंय ते दोन्ही बाजूंचं वाचून मला कळवा. आडव्या रेघेनंतरचा आकडा कोणता निघतो, याची मलाही फार उत्सुकता आहे.